न्हाणीमागची जागा

अंघोळ झाली की जमना पाटावरून लगेच उठत नसे. पाटाखाली सरकवलेलं पसरट घमेलं आधी ओढून काढायचं, त्यातलं साबणाचं पाणी बादलीत ओतायचं, मग गुडघ्यावर हात टेकून उठायचं. भांड्यांचं पाणी त्याच बादलीत. मासळी धुतलेलं, खवल्यांचं पाणी झाकणाच्या डब्यात. मोरीच्या तोंडाला तिने जुन्या लुगड्याचा बोळा घट्ट कोंबून ठेवला होता. संध्याकाळी आळीतल्या बायका मालिका बघायला आत गेल्या, की बादली उचलून ती खाडीच्या काठाला जायची, पाणी ओतायची आणि ठिकठिकाणी टेकत परत यायची.

हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला ठाऊकही नव्हतं. पण तिच्या मोरीत तांब्याभर पाणी पडलं, की ते भिंतीपलीकडे धाकट्या घरात, साखरबाईच्या न्हाणीत काळं होऊन वर येत होतं, आणि त्या घरात सव्वा महिन्याचं बाळ होतं. भांडायला साखरबाईला एवढं निमित्त पुरे होतं. ती जमनाची धाकटी जाऊ. भांडण अर्ध्यावर सोडणं तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

मुरबे गावातल्या या दोन घरांची वाटणी झाली तेव्हा होडी वाटली, जाळी वाटली, बोंबील वाळवायचे बांबूसुद्धा मोजून वाटले. मधोमध भिंत उभी राहिली. गटार तेवढं वाटता आलं नाही. जमनाच्या नवऱ्याने आणि धाकट्या दादूने, दोघा भावांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी घातलेली ती सिमेंटची नळी. वरच्या, जमनाच्या घरातून निघून खालच्या घराच्या अंगणातून रस्त्याच्या गटाराला मिळायची. पुढे धाकटा मुलगा सुजीत दर्यात गेला, त्याच्या मागोमाग नवरा गेला, थोरला विनोद बोईसरला बिऱ्हाड करून राहिला. भिंतीपलीकडच्यांशी बोलणं सणासुदीपुरतं उरलं. तरी पहाटे पुतण्या कमलेश होडीवरून आला, की त्याच्या अंघोळीचं पाणी खळाळताना जमनाला आपल्या मोरीतून ऐकू यायचं. आला पोरगा, असं ती मनाशी म्हणायची आणि कूस बदलायची. दुपारी सूनबाई लंगोट धूत असली तर तेही कळायचं. कुणी म्हणेल, हे काय ऐकण्यासारखं आहे? ज्याच्या घरात बोलणारं माणूस आहे त्याला नाहीच ते कळायचं. बोळा कोंबल्यापासून तेही बंद झालं होतं.

बिघडलं ते ग्यासमुळे. मागच्या दिवाळीनंतर आळीत ग्यासची लाइन आली. कंपनीचं यंत्र या टोकाला खड्डा खणायचं, त्या टोकाला खड्डा खणायचं आणि मधला पाइप जमिनीच्या पोटातून ढकलत न्यायचं. वरून अंगणाला ओरखडासुद्धा नाही. लोकांना कोण कौतुक! जमनाच्या आणि दादूच्या घराखालून गेलेला पिवळा पाइप मात्र त्या जुन्या नळीच्या एका अंगातून शिरून दुसऱ्या अंगातून बाहेर पडला होता, कापडातून सुई जावी तसा. आधी काही कळलं नाही. मग त्या पाइपाला खवले अडले, केस अडले, तेलकट मळ धरला, आणि माघ सरता सरता नळी पुरती तुंबली. कमलेशने बोईसरहून स्प्रिंग फिरवून गटार मोकळं करणारा माणूस आणला. त्याची स्प्रिंग कशाला तरी अडून नुसती घसरायला लागली तेव्हा त्याने हात आखडला, म्हणून आळी वाचली. कंपनीने नळीत कॅमेरा घातला, मोबाइलवर पिवळा पाइप सगळ्यांना दाखवला आणि त्याच दिवशी साऱ्या आळीचा ग्यास बंद केला. आता आळीही दोन्ही घरांकडे डोळे वटारून बघत होती.

त्याचा निकाल लावायला आज सगळे जमणार होते. भांगाचे दिवस होते, पाण्याला ओढ नव्हती, होड्या खाडीत नांगरून पडल्या होत्या. त्यामुळे कमलेश घरी होता. विनोद सकाळीच मोटारसायकलवरून आला. जमनाने त्याच्यापुढे चहा ठेवला.

एक घोट घेऊन त्याने कप खाली ठेवला. "साखर घातलीस?"

"थोडीच घातली रे."

"आई, मला साखर निघाल्याला वर्स होत आलं. दर येळेला सांगतो."

"इसरले." ती कप उचलायला गेली. "दुसरी टाकते, थांब."

"राहू दे." त्याने तोच चहा पिऊन टाकला. "आज तिकडं तू गप बसायचंस. मी बोलतो. पायप त्यांचा, मशीन त्यांची, चूक त्यांची. आपलं सरळ हाय. तू मधेच काय बोलायला जाऊ नको."

जमनाला त्याला काही सांगायचं होतं. कितीतरी दिवस तिने ते मनात जुळवून ठेवलं होतं. विनोद आला, चहा प्याला, की सांगायचं, असं पहाटेपासून ठरवलं होतं. पण विनोदने मोबाइल काढला, बायकोला फोन लावला, दुपारच्या शिफ्टला वेळेत पोचतो म्हणाला. तेवढ्यात भिंतीपलीकडून कमलेशची हाक आली.

दादूच्या ओट्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर दादू बसला होता, दुसरी कंपनीच्या माणसासाठी होती. साखरबाई पायरीवर, कमलेश खांबाला टेकून. त्याची बायको दिशा बाळाला खांद्यावर टाकून उंबऱ्यात उभी होती. दोन मजूर कुदळी-फावडी घेऊन भिंतीच्या सावलीत उकिडवे बसले होते. कंपनीचा धर्मेश खुर्चीवर न बसता उभाच राहिला. उंबरगावकडचा माणूस, मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायचा.

"बसा की," दादू म्हणाला. "तुमाला कोन खात नाय."

"बसतो काका. आधी बोलून घेऊ."

"बोलायचं काय त्यात?" कमलेश म्हणाला. "नळी कोनाच्या पायपानं फुटली? तुमच्या. मग निस्तरायचं कोनी?"

"आम्हीच. मी कुठे नाही म्हणतो?"

"नाय म्हनत नाय, पन करत बी नाय. महिना झाला तुमी नुसते फोटो काढताय. हितं माझ्या पोरीला न्हाऊ घालायचं तर शेजारच्या घरी न्यायला लागते."

"आनि माझी आई बघा," विनोद म्हणाला. "या वयात एकटी राहते. तिनं काय करायचं? तुमी न इचारता लोकांच्या अंगणाखालून पायप घालता, खाली गटार हाय का नाय हे बी बघत नाय. उद्या स्फोट झाला असता तर?"

"वयनीचे लई हाल झाले," दादूने मान हलवली. "ती बोलत नाय. पन मी बघतो ना."

दादू काय बघत होता देव जाणे, पण जमनाला ते ऐकून बरं वाटलं. किती तरी दिवसांत या ओट्यावर तिच्या बाजूने कुणी बोललं नव्हतं. साखरबाईनेसुद्धा तोंड वाकडं केलं नाही. सगळं घर एका बाजूला आणि कंपनी एका बाजूला. तिला वाटलं, हे असंच मिटलं तर मिटू दे.

धर्मेशने टोपी काढून काखेत धरली. "एक बात बोलू का? राग नका धरू. आम्ही न विचारता पाइप नाही घातला. आमची लाइन इकडून नव्हतीच. आम्ही चुन्याची फक्की मारली होती ती तिकडे, आजींच्या न्हाणीच्या मागून. तिकडे जमीन मोकळी आहे, खाली काही नाही. मशीन लावली त्या दिवशी तुम्ही कोणी घरी नव्हता. आजीच होत्या. त्यांनी सांगितलं, तिथून नको, इकडून न्या. हाताने दाखवलं. मी स्वतः विचारलं, आजी, इधर नीचे कुछ लाइन-वाइन आहे का? त्या बोलल्या, काही नाही."

ओट्यावरच्या सगळ्यांची तोंडं जमनाकडे वळली. विनोदचं सगळ्यात शेवटी.

"आई, हा काय बोलतो?"

"खरं बोलतो," जमना म्हणाली. "मीच सांगितलं."

विनोदने हातातलं हेल्मेट पायरीवर आपटल्यासारखं ठेवलं. मघापासून तो तिच्या वतीने बोलत होता. "मग सकाळी का नाय सांगितलंस? मला हितं तोंडावर पाडायचं होतं का?"

"तूच गप बस म्हनालास ना."

"वयनी," दादू म्हणाला, "नळी तुमाला ठावकी नव्हती असं नाय ना. आमी दोघा भावांनी घातली तवा तुमी दुपारच्याला भाकऱ्या घेऊन यायच्या. तुमाला नाय तर कोनाला ठाव?"

"ठाव होती भावजी."

"मग?"

ती काय सांगणार? त्या दुपारी यंत्र घरघरत आलं, मजुरांनी न्हाणीमागे त्या काळ्या दगडाशेजारी पहार टेकवली, आणि तिचं डोकं रिकामं झालं. मोरी आठवली नाही, नळी आठवली नाही, भाकऱ्या आठवल्या नाहीत. फक्त तिथून या माणसांना हलवायचं होतं. जिकडे हात गेला तिकडे तिने बोट दाखवलं. खाली काही नाही ना, असं विचारलं तेव्हा काही नाही म्हणाली, कारण आणखी एक प्रश्न विचारला असता तर ती रडली असती.

साखरबाई उठून उभी राहिली. आतापर्यंत ती गप बसली तेच नवल होतं. "म्हंजे माझं घर उडवायला निघाली होतीस तू. त्या मानसानं जोर लावला असता तर? पायप फाटला असता तर? आत दिशा, पोर, म्हातारा, सगळे एका दमात गेलो असतो. आनि ही बाय दोन महिने भिंतीआडून मजा बघते."

"मजा नाय बघितली."

"मग काय बघितलंस? आमची न्हानी गटारीनं भरली तवा एक शबुद बोललीस का? मी भिंतीवरनं एवढी बोलले, एवढी बोलले, तू हूं का चूं केलं नाय. मला वाटलं मान धरून ऐकते. हितं तर चोर तीच."

"काकी, जरा जपून बोला," विनोद म्हणाला.

"मी काय जपू? जपायचं तिनं होतं."

विनोद आणखी काही बोलेल म्हणून जमनाने वाट पाहिली. पण तो पायरीवर बसून हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. मघाशी घर एका बाजूला होतं ते आताही एकाच बाजूला होतं, फक्त पलीकडच्या बाजूला कंपनीऐवजी ती एकटी उभी होती.

धर्मेशलाच अवघडल्यासारखं झालं. "अहो, कोणाची चूक ते सोडा ना. आजींनी सांगितलं तरी तपासायला आम्हाला पाहिजे होतं. साहेबांना मी तसंच बोललो. कंपनी आपल्या खर्चाने हा पाइप काढते, नळी नवीन घालून देते. फक्त ग्यासचा पाइप कुठून तरी न्यायला लागेल. कमलेशभाईंच्या बाजूला पाया आहे, बोअर आहे, तिकडून नाही जाणार. मग जागा एकच राहिली, पहिली फक्की मारलेली. आणि आता मशीन नाही, उघडं खणून टाकायचं, नजरेसमोर. आजींनी हो म्हटलं की माझी माणसं आत्ता सुरू करतात. आठवड्यात आळीचा ग्यास चालू."

"मग करा की सुरू," कमलेश म्हणाला. "वाट कोनाची बघता?"

"तिथं नाय खनायचं," जमना म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली की दादूला ऐकू गेलं नाही. "काय म्हनते वयनी?"

"खनायचं नाय म्हनते," कमलेशने मोठ्याने सांगितलं. "मोठ्या आई, काय हाय तुमचं तिथं? सोनं पुरलंय? एवढं सगळं होऊन बी तुमी नाय म्हनता?"

"आई, खुळ्यासारखं करू नको," विनोद म्हणाला. "तिथं एक दगड नि चार अळूची पानं. तू हो म्हन आनि मोकळी हो. नाय तर घर बंद कर, चल माझ्याकडं बोईसरला. मी किती वर्सं सांगतो?"

बोईसरच्या त्या दोन खोल्या तिला माहीत होत्या. कारखान्यांचा वास, खिडकीसमोर दुसरी खिडकी. तिथे सगळे तिच्याशी चांगलं वागत आणि सगळे सकाळी निघून जात. पण ती जात नव्हती ते त्यासाठी नाही. ते तिला सांगताच येत नव्हतं. सुजीत होडीवरून पडला ती रात्र अंधाराची होती, जाळ्याचा बोया ओढताना पडला एवढंच बरोबरच्यांनी सांगितलं. चार होड्यांनी दर्या पालथा घातला. माणूस मिळालं नाही, कपडा मिळाला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा पुतळा करायला सांगितला, नवऱ्याने त्याला अग्नी दिला, आणि जमना समोर बसून गवत जळताना बघत राहिली. लोक म्हणाले, पोरगं मार्गी लागलं. तिला वाटलं, गवत जळलं. त्या दिवसापासून कुणी कधी तिच्या मनातलं विचारलं नाही आणि तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायला समोर माणूस लागतं.

साखरबाई जमनाकडे बघत नव्हती, भिंतीच्या फटीतून पलीकडे, न्हाणीच्या मागच्या बाजूला बघत होती. मग ती खाली बसली. बसताना तिने पदर तोंडाला लावला.

"त्या दगडाखालीच ना?" तिने विचारलं.

जमनाने मान हलवली.

"काय दगडाखाली?" कमलेश म्हणाला.

"सुजीतची वार." साखरबाईचा आवाज बदलला होता. "मी नवी लगीन होऊन आलेली. ही आत बाळंत झाली, बाळामागनं वार पडली, सुईन म्हनाली न्हानीच्या मागं खड्डा घे, हातभर खोल, कुत्र्यानं उकरला नाय पायजे. मीच घेतला. हळद-कुंकू घातलं, मूठभर तांदूळ घातले, वार ठेवली, वर तो दगड सरकवला. मग सव्वा महिना हिला नि पोराला त्याच्यावरच न्हाऊ घातलं, ऊन पानी तिथं मुरावं म्हनून. आमी सगळ्या बाया असंच करायच्या." ती थांबली. "दर्यानं त्याचं काय परत दिलं नाय. जमिनीत त्याचं तेवढंच हाय."

दादूने हातातली तपकीर तशीच धरून ठेवली. धर्मेशला वार म्हणजे काय ते कळलं नसावं, पण त्याने मजुरांना हातानेच थांबायची खूण केली.

"जाऊबाय, अगं मला सांगायचंस ना," साखरबाई म्हणाली. "भिंतीवरनं मी काय काय बोलले तुला."

जमनाला वाटलं, आता उठून हिच्याशेजारी जाऊन बसावं. पण इतक्या वर्षांनी पाय उचलला नाही. ती उभीच राहिली.

"नाय खनायचं तिथं," साखरबाई धर्मेशला म्हणाली. "दुसरीकडनं न्या. माझा ओटा फोडा, कायपन करा."

"आई, तुला काय येड लागलं?" कमलेश खांबापासून पुढे आला. "ओटा फोडून पाया हलला म्हंजे? मघाशी तूच हिला चोर म्हनत होतीस."

"म्हनाले. आता नाय म्हनत."

"चाळीस वर्सांपूर्वीची वार. काय राहिलं असंल तिथं? माती झाली असंल कवाच. माझ्या पोरीची तर पालघरला दवाखान्यात टाकून दिली त्यांनी. कुठं टाकली ते मी इचारलं बी नाय. तिचं काय अडलं?"

"तुला काय कळतंय त्यातलं? गप बस."

"मी कशाला गप बसू? घान माझ्या घरात येते."

"भांडू नका तुमी," दिशा उंबऱ्यातून म्हणाली. बाळ झोपलं होतं, म्हणून ती हळू बोलत होती. "मोठ्या आई, तुमी नको म्हनता तर नको खनू द्या. मी पोरीला घेऊन म्हायमाला जाते माझ्या आईकडं. सगळं नीट झालं की येईन. पावसाळ्यापर्यंत लागलं तरी राहीन."

साखरबाईने चमकून सुनेकडे बघितलं. पावसाळ्यापर्यंत नात या घरात नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं. पण ती बोललेला शब्द मागे घेईना. दादू धोतराला तपकिरीची बोटं पुसत म्हणाला, घरातलं लेकरू घराबाहेर काढून कसली वार सांभाळता. कमलेश म्हणाला, बरोबर. साखरबाई नवऱ्यावर उलटली. ज्या गोष्टीविषयी जमना कधी कुणाशी बोलली नव्हती, तिच्यावरून आता चारचौघांत वाद चालला होता, आणि तिला वाटलं, आपण ती सांगितली असती तर बरं झालं असतं की आता कळली हे वाईट झालं, काही समजत नाही.

विनोद पायरीवर बसून आईकडे बघत होता. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. कधी झाले ते तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "आनि माझी?"

"काय तुझी?"

"वार. माझी कुठं पुरली?"

जमनाला प्रश्नच आधी कळला नाही. मग कळला. विनोदही याच घरात जन्मला होता, त्याच आतल्या खोलीत. तेव्हा साखरबाई अजून या घरात आली नव्हती, सासू होती. पावसाळा होता, होड्या वर ओढलेल्या होत्या, नवरा घरी होता. एवढं आठवलं. पुढचं आठवेना. सुजीतच्या वेळी काय घातलं, किती तांदूळ, सुईण काय म्हणाली, दगड कुणी उचलला, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. विनोदच्या वेळी खड्डा कुणी घेतला हे तिने कधी मनात आणलंच नव्हतं. यंत्र आलं त्या दुपारीही नाही, पुढे रोज त्या दगडाकडे बघत बसली तेव्हाही नाही.

"तिथंच," ती म्हणाली. "त्याच दगडाखाली. सासूबाय तिथंच पुरायच्या सगळ्यांची."

"म्हंजे दोघांची हाय."

"होय रे. पन तू हायस ना." तिने घाईने म्हटलं. म्हणताना तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. "तो नाय म्हनून. तू तर हायस."

"हाय ना मी," विनोद म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "म्हनून तर कोनी इचारत नाय."

दादू खाकरला. साखरबाईने मान दुसरीकडे वळवली. विनोद उठला, कमलेशला म्हणाला, "मला शिफ्ट हाय, उशीर होतो. तुमी ठरवा काय ते. आई म्हनंल तसं करा." आणि हेल्मेट उचलून पायऱ्या उतरला.

"जेवून जा," जमना म्हणाली. "खाडीतल्या निवट्यांचं कालवन केलंय."

"निवट्या मी खात नाय, आई. त्याला आवडायच्या."

तो रागाने बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने तिच्या दंडाला हात लावला, येतो म्हणाला आणि गेला. मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आळीच्या वळणापर्यंत ऐकू आला.

आता सगळे तिच्याकडे बघत होते, पण तिने त्यांच्यातल्या कुणाकडे बघितलं नाही. ती दिशापाशी गेली. बाळाच्या टाळूवर हात ठेवला. टाळू गरम होती, धडधडत होती.

"तू कुठं जाऊ नको," ती म्हणाली. मग धर्मेशकडे वळली. "खना बाबा. पहिली फक्की मारली होती तिथंच खना."

"आजी, पक्का?"

"होय."

साखरबाई उठून तिच्यामागे यायला लागली, तर जमनाने हाताने नको म्हटलं. का म्हटलं तिला ठाऊक नव्हतं. मजुरांच्या मागून ती आपल्या अंगणात आली आणि न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी राहिली. दोघांनी पहारी घालून दगड उलटला. खाली ओलसर काळी माती, गांडुळं, अळूची पांढरी मुळं. एकाने कुदळ घातली. हातभर खोल गेलं, त्याहून खाली गेलं. ती भेदरून बघत होती, काहीतरी दिसेल म्हणून. काही दिसलं नाही. इकडच्या मातीसारखी माती, तिकडच्या मातीसारखी माती. फावड्याने ती कडेला पडत गेली आणि कुठली माती मधली, कुठली कडेची, हे तिला ओळखता येईना.

मजुराने थांबून गमछ्याने मान पुसली. ही म्हातारी खड्ड्यात एवढं काय बघते, असं त्याला वाटलं असावं.

"अम्मा, इधर कुछ था क्या?"

"मेरे दो लडके," जमना म्हणाली.

तिला वाटलं, मागे कुणी उभं असेल, कुणी ऐकलं असेल. तिने वळून पाहिलं. अंगण रिकामं होतं. मजुराला काय उमगलं कोण जाणे, त्याने घटकाभर तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा कुदळ उचलली. विनोदची गाडी तोवर बोईसरच्या वाटेवर कुंभवलीच्या पुढे गेली असेल.